थंड चहा, खारं पाणी

वाघमारे सरांनी मला वर्षानुवर्षं थंड चहा पाजला.
काल संध्याकाळी ते गेले. आता तक्रार कुठे करायची हा प्रश्नच मिटला.

चहा यायचा आणि करंट जायचा. आदिलाबादचं हे टायमिंग कधी चुकलं नाही.

करंट गेला की सर कप ठेवून माशांच्या टाकीपाशी उभे. पंप बंद म्हणजे माशांचा श्वास बंद. लोट्यानं पाणी उचलायचं, उंचावरून परत ओतायचं. तेवढीच हवा मिसळते.

मी बसून कमेंटरी करायचो.
"नुसतं बोलून राह्यले तुमी. उद्या तुमची पाळी," सर म्हणायचे.
मदत कधी केली नाही. पण सरांशिवाय चहाही प्यालो नाही.

शेजारच्या आंध्र प्रदेशाला एवढा लांबलचक समुद्र. आमच्या वाट्याला आला तो सरांच्या हॉलमध्ये, टाकीभर. मासे लेकीनं आणलेले. प्रज्ञा विशाखापट्टणमला नोकरीला.
हिरवे क्रोमिस, नारिंगी अँथियास, पट्ट्यापट्ट्यांचे कार्डिनल. तिन्ही थव्यानं राहणारे, तिघांचे कोपरे वेगळे.

"रोज भांडते," सर सांगायचे. "भांडते तोवर चांगलं. तिनी थवे एका कोपऱ्यात दिसले का समजा, भेव आलं."

आज सकाळी दिसले.

हॉलमध्ये सर, पांढऱ्या चादरीखाली. घर माणसांनी भरलेलं. करंट गेला. इन्व्हर्टर रात्रभर पंख्यांनीच पिऊन टाकलेला.
टाकीत तिन्ही थवे एका कोपऱ्यात, वर, तोंडं पाण्याबाहेर. एक क्रोमिस कलंडलेला.

वहिनी सरांच्या उशाशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी बसमदी हाये. ते येईस्तोर एकबी मरू देऊ नका. बाप त गेलाच तिचा."

अशा घरात दुःख होतं म्हणतात. मला फक्त भीती वाटत होती.

लोटा उचलला. ओतायची सवय नाही, अर्धं खारं पाणी शर्टावर.

सरांचे म्हातारे मामा जवळ आले. "हे आपल्यात कवापासून सुरू झालं, बापू?"
मी ओततच राहिलो. मामांना ते दुःख वाटलं. त्यांनी लोटा घेतला, डोळे मिटले, पाणी ओतलं.
त्यांच्यामागे लाईन लागली.

एक मावशी झेंडूचं फूल टाकायला निघाल्या. मी मनगटच धरलं.
"फूल नाही, मावशी."
"काऊन?"
"सरांना चालायचं नाही."
खोटं नव्हतं.

कर्मकांडांवर तिरकस लिहून मी आजवर टाळ्या घेतल्या. आज एक नवीन सुरू करून दिलं, आणि मनात एकच धावा: लाईन तुटू नको देऊ.

प्रज्ञा आली. आधी बाबांकडे गेली.
मी टाकीसमोर आडवा उभा. पाठीमागे काय आहे ते मलाच बघायचं नव्हतं.

"सरका, काका."

ती वाकली. बराच वेळ काचेला नाक लावून मोजत राहिली.
"सगळे हायेत," म्हणाली. आणि मग रडली.

करंट आला. थोड्या वेळानं एका अँथियासनं क्रोमिसला टोचलं.
इतकं बरं मला कुठल्याच भांडणानं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी सरांना पोचवून परत आलो. वहिनींनी चहा ठेवला. करंट गेला.
मी कप बाजूला सारून लोटा घेतला.
"राहू द्या काका, मी ओतते."
"बस तू. आज माझी पाळी आहे."

करंट येईपर्यंत ओतलं. मग चहा प्यालो. थंड.

जय भीम, सर. निवांत जा.