दहा वजा चार अधिक तीन

पाचवीच्या वर्गाकडून मी ‘कंचेभागुबेव’ घोकून घेत असे. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. पोरं तालावर म्हणायची आणि नेमकी तिथेच फसायची. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर, म्हणून दहा वजा चार अधिक तीन दिसलं की चार नि तीन सात करून मोकळी. उत्तर तीन! अरे, बेरीज-वजाबाकी डावीकडून येईल तशी करायची, उत्तर नऊ. सांगून सांगून माझा घसा बसायचा.

ही नव्वदीतली गोष्ट. आई गेल्यानंतर पंचवटीतल्या खोलीत मी एकटीच राहायची. शाळेत दिवसभर कलकलाट, आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की बोलायला कोणी नाही. रेडिओ मुद्दाम मोठ्याने लावायची, तरी करमायचं नाही.

वर्गातल्या एका मुलीची आई शेजारच्या गल्लीत झेंडूची फुलं विकायला बसे. बाजार उठेपर्यंत ही माझ्याकडे येऊन बसू लागली, गणित पक्कं करायला. रोज तीच चूक. मी चिडायची, "डोकं कुठे ठेवून आलीस?" म्हणायची, आणि मग दोघींसाठी पोहे करायची. एकदा तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडं कोणीच येत नाय का?"

"तू गणित कर," मी म्हटलं.

सहामाहीच्या पेपरात तसंच उदाहरण होतं. अर्धाअधिक वर्ग गडगडला. हिचं मात्र बरोबर, आणि खाडाखोडसुद्धा नाही. आधी संताप आला. एवढीशी पोर मला बनवते? मग तिचा तो प्रश्न आठवला. एवढ्या लहान मुलीला माझी कीव यावी, याची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, की आता तिला यायला कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर वर्गात वाटले. म्हणजे मला सगळं कळलंय, हे तिलाही कळलं. संध्याकाळी मी दार उघडं ठेवून बसले.

ती आली. नेहमीच्या जागी मांडी घालून बसली. मी पाटीवर लिहिलं, दहा वजा चार अधिक तीन. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली उत्तर लिहिलं, तीन.

"डोकं कुठे ठेवून आलीस?" मी म्हटलं, आणि पोहे भिजवायला उठले.