इंजिनाची हळद

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, आणि मोटारीच्या इंजिनाला हळद लावणारा पहिला माणूसही मीच. पहिल्या गोष्टीबद्दल गावात माझा सत्कार झाला होता. दुसरीबद्दल झाला नाही. पण लोकांच्या लक्षात मात्र दुसरीच राहिली.

मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. गाव तासगावच्या बाजूला, तिथे आई आणि अण्णा असतात. नोकरी लागल्यावर मी एका निवृत्त डॉक्टरांकडून त्यांची जुनी पांढरी मोटार घेतली. घराण्यातली पहिली चारचाकी! (त्याआधी आमच्या दारात चार चाकं एकत्र दिसायची ती दोन सायकली शेजारी लावल्यावर.) आईने गाडीला ओवाळलं, अण्णांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि गाडीने त्याच रात्री अंगणात पहिला काळा डाग पाडला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "थोडं ऑइल गळतं. वयोमानाप्रमाणे." जणू गाडी त्यांची पेशंट होती.

थेंब थेंब गळायचं. मी गावी आलो की आई गाडीखाली एक फुटकी परात सरकवायची, आणि मी निघालो की ती परात उचलून ठेवायची. असं सुखाने चाललं होतं. पण त्या रविवारी वडूजचे पाहुणे आमचं घर बघायला येणार होते.

वडूजला जाऊन मी मुलगी पाहून आलो होतो. अश्विनी तिचं नाव. चहा घेऊन बाहेर आली आणि बसता बसता म्हणाली, "साखर जरा कमीच पडलीय. मीच केलाय." मला ती तिथेच पसंत पडली. आता तिचे वडील आणि मामा घर बघणार, शेत बघणार, आणि पटलं तर सुपारी फुटणार. नाही पटलं तर "कळवतो" म्हणून जाणार. आमच्याकडे "कळवतो" म्हणून गेलेल्या माणसाने काही कळवल्याचं आजवर कोणाला आठवत नाही.

अण्णांचा बेत असा होता की पाहुण्यांना आपल्या गाडीतून मळ्यात न्यायचं. "पोराच्या गाडीत बसलं की माणूस निम्मा हितंच पटतो," असं त्यांचं म्हणणं. आईला मात्र काळजी नव्या फरशीची. अंगणात नुकतेच लाल-पिवळे ब्लॉक बसवले होते आणि बरोबर मधोमध गाडीचे काळे डाग.

"आधी ते गळायचं थांबवा," आई म्हणाली. "पाव्हण्यांच्या पायाला लागलं म्हंजे?"

"गॅरेजवाल्याला बोलावतो," मी म्हणालो.

"आज ऐतवार. त्यो तालुक्याला गेलाय," अण्णा म्हणाले. "आन गॅरेजवाला कशाला? मग तुला येवढं शिकवलं कशापाय?"

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पदवीधर आहेत, त्यांना या प्रश्नाचं वजन कळणार नाही. घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाला सगळं येतं, हे धरून चाललेलं असतं. विजेचं बिल, आजीचा एक्स-रे, बंद पडलेली मोटर, म्हशीच्या औषधाची बाटली, सगळं माझ्यासमोर आणून ठेवतात.

"अण्णा, माझा विषय इतिहास आहे."

"इतिहास म्हंजे जुन्या गोष्टींचाच अभ्यास का न्हाई?"

"हो, पण..."

"मग गाडी जुनीच हाय की!"

मी पान्यांची पिशवी शोधायला उठलो.

तसा मी अगदीच तयारीशिवाय नव्हतो. मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठेवले होते. इंजिनावर एक पत्र्याचं झाकण असतं. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, तिला गॅस्केट म्हणतात. ती जुनी झाली की तेल बाहेर येतं. झाकण काढायचं, नवी पट्टी बसवायची, झाकण लावायचं. साताऱ्याहून येताना मी पट्टी आणलीही होती. पाहुणे अकराला येणार होते. मी सकाळी चहा घेऊन कामाला लागलो. वाकून कंबर भरून आली तर मधेमधे टेकायला म्हणून आईने देवघरातला पाट आणून दिला.

झाकण निघालं. जुनी पट्टी कडक भाकरीसारखी मोडून हातात आली. नवी बसली. खरं सांगतो, इथवर सगळं इतकं छान झालं की माझ्या शाळेतल्या गुरुजींची मला कृतज्ञतेने आठवण आली. ते म्हणायचे, वाचलं की सगळं येतं.

आता फक्त नट आवळायचे राहिले. व्हिडिओतला माणूस म्हणत होता, हळूच आवळा. अण्णा म्हणत होते, "आवळ! आजून आवळ! फौजेत ढिलं काय चालत न्हाई!"

इथे अण्णांच्या फौजेबद्दल सांगायला हवं. अण्णा सैन्यात होते हे खरं. गावात त्यांना सगळे मेजर म्हणतात. फक्त ते लंगरात होते. म्हणजे स्वयंपाकी. पण गावाने तपशिलात कधी शिरायचं नाही असं ठरवलं आणि अण्णांनीही कधी शिरू दिलं नाही.

मी आवळलं. टक्‌ असा बारीक आवाज झाला, आणि नट त्याच्या बोल्टाच्या तुकड्यासह माझ्या हातात आला.

"झालं?" अण्णांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. एका अर्थाने झालंच होतं.

गाडी चालू करून पाहिली. आधी थेंब पडत होते. आता त्या कोपऱ्यातून चांगली धार लागली! आईने परात सरकवली आणि आमच्या दोघांकडे असं पाहिलं, जसं ती उतू गेलेल्या दुधाकडे पाहते.

अण्णा डगमगले नाहीत. "एकदा घाटात आमच्या ट्रकाचं पाणी गळाय लागलं," ते म्हणाले. "ड्रायव्हरनं मूठभर हळद टाकली. गळती बंद! मुक्कामाला पोचलो."

"अण्णा, ती हळद रेडिएटरच्या पाण्यात टाकतात. हे तेल आहे."

"मला शिकवू नगं. ती हळद माज्या लंगरातली हुती!"

"पण तेलात हळद..."

"तेलात हळद घातल्याबगर फोडणी हुती का?"

घरात हळदीची कमी नव्हती. शेताच्या बांधाकडेला आमचीच पिकते. आईने डबाच आणला. मी इंजिनाच्या आत हळद टाकायला ठाम नकार दिला. (शिक्षणाचा एवढा उपयोग त्या दिवशी झाला.) शेवटी तडजोड निघाली: हळद बाहेरून लावायची, फटीवर. जखमेला लावतात तशी.

नुसती हळद चिकटेना. आई म्हणाली, "कणकीत कालवा. पातेल्याच्या झाकणाला आमी कणीक लावतो, वाफसुदिक भाईर येत न्हाई."

हे मलाही पटलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर अण्णा म्हणायला लागले की कुणालाच पटलं नव्हतं.

आईने हळद-कणीक मळली. शेजारच्या शालनकाकू "काय चाललंय गं?" म्हणून आल्या आणि विचारायच्या आत त्यांच्या हातात गोळा होता. आम्ही तिघांनी मिळून झाकणाला सगळीकडून लिंपण केलं. मला मधेच जोरात शिंक आली, हळद उडाली, डोळ्यांत गेली. मी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते. बनियनही पिवळी झाली. गाडी चालू केली. इंजिन तापलं, आणि अंगणभर वास सुटला. आधी खमंग, मग करपट.

"वैनी, पिठलं लागलं वाटतं," पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं.

गाडी बंद केली. धार थांबली होती! (इंजिन बंद केल्यावर ती तशीही थांबतेच, हे आमच्या ध्यानात आलं नाही.) अण्णा खुशीत आत गेले आणि पाहुण्यांसाठी काढून ठेवलेला फेटा बांधून बाहेर आले. मी पाटावर बसून दम खात होतो. आई माझ्या गालावरची हळद पुसायच्या खटपटीत ती आणखी पसरवत होती. आणि शालनकाकू... काकूंचा एक स्वभाव आहे. हाताला हळद लागली की त्यांच्या तोंडून हळदीचं गाणं आपोआप सुरू होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात त्याच म्हणतात. त्या समोर उभ्या राहून मोठ्याने म्हणायला लागल्या.

नेमके तेव्हाच फाटकात वडूजचे पाहुणे उभे राहिले. ऊन व्हायच्या आत निघाले होते, म्हणून लवकर पोचले.

त्यांना काय दिसलं, याचा मी आजही विचार करतो. फेटा बांधलेला बाप. पाटावर बसलेला पिवळा मुलगा. गालाला हळद लावणारी आई. गाणारी शेजारीण. आणि मागे पांढरी मोटार.

मामा अश्विनीच्या वडिलांच्या कानाशी लागले, पण आवाज अंगणभर ऐकू आला.

"दाजी, हितं हळद चाललीया."

अश्विनीच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. ते माझ्या पिवळ्या हातांकडे बघत राहिले. काकूंचं गाणं कडव्याच्या मधोमध अडकलं.

"या, या!" अण्णा पुढे झाले. "तुमचीच वाट बगत हुतो."

"आमची?" मामा म्हणाले. "पोरगी कुठली?"

"कुठली म्हंजे? तुमचीच की!"

"आमची तर घरात शेंगा फोडत बसलीया!"

"आवं, मग आसू दे की," अण्णा म्हणाले. ते कशाबद्दल म्हणाले, कोण जाणे.

"आमास्नी घर बगाय बोलावून हिकडं दुसरीकडची हळद उरकताय व्हय?" मामांचा आवाज चढला. "दाजी, चला. गाडी फिरवायला सांगतो."

माझ्या डोळ्यांसमोर तो कमी साखरेचा चहा आला. मी पाटावरून उठलो.

"मामा, ही हळद माझी नाही. इंजिनाची आहे."

भिंतीपाशी रवंथ करत बसलेल्या आमच्या शेळीनेही मान वर केली.

"कुणाची?" आबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"इंजिनाची. तेल गळतंय. हळदीने थांबतं."

"आसं कोन म्हनलं?"

आई अण्णांकडे पाहू लागली. काकू अण्णांकडे पाहू लागल्या. अण्णा छपरावरच्या कावळ्याकडे पाहू लागले.

मामा तरातरा गाडीपाशी गेले. बॉनेट उघडंच होतं. त्यांनी वाकून पाहिलं, भाजलेल्या कणकीचा एक तुकडा मोडला, हुंगला, दाबला.

"दाजी, खरंच कणीक हाय," ते म्हणाले. "वरनं भाजलीया. आतनं कच्ची हाय."

"चालू करा बगू," आबा म्हणाले.

मी किल्ली फिरवली. इंजिन थरथरलं, लिंपणाला तडा गेला, आणि अख्खं पिवळं कडं सुटून खाली पडलं. शेळीने ते शांतपणे उचललं आणि भिंतीकडे नेलं. मागोमाग काळी धार लाल-पिवळ्या ब्लॉकांवरून वाहत थेट आबांच्या चपलेपर्यंत गेली.

"आधी याच्याबी परास जास्त गळत हुतं!" अण्णा घाईने म्हणाले.

आता गप्प बसलो असतो तर भागलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "आधी फक्त थेंब होते. धार आम्ही आज सकाळी केली. बोल्ट माझ्या हातून तुटला."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. आईने पदर तोंडाला लावला. आबांनी चप्पल बाजूला घेतली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "च्या हाय का न्हाई?"

मळा त्यांच्याच जीपमधून बघायला गेलो. हळद घासून निघेना, म्हणून मी दोघांच्या मधे तसाच बसलो होतो. वाटेत जो भेटेल तो विचारत होता, "मास्तर, कवा लगीन?" आणि मामा खिडकीतून हात हलवून सांगत होते, "इचारू नगा, आजून आमालाच म्हाईत न्हाई."

परत आल्यावर आबांनी पोहे खाल्ले, हात धुतले आणि म्हणाले, "सुपारी आना."

कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यामुळे आम्ही आपापलं ठरवून टाकलं. अण्णांच्या मते मळा बघून माणूस गार झाला. आईच्या मते पोहे. मला मात्र मनातून खात्री होती की शेवटी शिक्षणाची किंमत जाणणारी माणसं असतात. गाडी सोमवारी गॅरेजात गेली. झाकणाखाली पिवळं काय आहे हे गॅरेजवाल्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

लग्न झाल्यावर एक दिवस मी अश्विनीला सहज विचारलं, "त्या दिवशी आबा घरी येऊन माझ्याबद्दल काय म्हणाले गं?"

"सांगू?" ती म्हणाली. "म्हणाले, पोरगा काय लय हुशार वाटला न्हाई. पर खोटं बोलाय जेवढं डोकं लागतं, तेवढंबी त्याच्याकडं न्हाई. पोरगी सुखात राहील."

मी चेहरा शक्य तितका शांत ठेवून म्हणालो, "हं. मला अजिबात वाईट वाटलं नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायला लागली.

"बघा," ती म्हणाली, "आबांचं बरोबर आहे!"