बोलायचा दवाखाना

दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. तो खुर्चीवर बसून राहतो आणि किस्से नंबर लावून आत येतात! सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी वर्ध्याच्या एका दवाखान्यात, मानसोपचार विभागात, सोशल वर्कर होते. माणसाला बोलतं करायचं आणि बदल त्याचा त्यालाच करू द्यायचा, हे आमचं काम. औषधं कमी, बोलणं जास्त. त्यामुळे लोक आमच्या विभागाला 'बोलायचा दवाखाना' म्हणत. अजूनही जुनी मंडळी भेटली की आम्ही त्याच गोष्टी उगाळत बसतो आणि घरचे एकेक करून उठून जातात.

आमचे डॉक्टर सबनीस पुण्याचे, बंगलोरला शिकून आलेले. तरुण, हुशार आणि पुस्तकावर भारी विश्वास! त्यांना वऱ्हाडी कळायला सहा महिने लागले आणि वऱ्हाडी माणूस कळायला त्याहून जास्त.

*

पहिल्याच महिन्यात एक शेतकरी आले. झोप येत नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं. सख्ख्या भावाशी बोलणं बंद झालेलं, आणि तो भाऊ आता आजारी. सांगता सांगता ते रडले. मग डोळे पुसून मोकळे झाले. डॉक्टर खूश!

शेतकरी उठले आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. "आता सुई?"

डॉक्टर म्हणाले, "सुई नाही. तुम्ही बोललात ना, तेच औषध."

त्यांनी बाही खाली केली. "म्हंजे बोल्लो मी, रडलो मी. मंग तुमी काय केलं?"

डॉक्टर हा प्रश्न पुढे कितीतरी वर्षं नव्या विद्यार्थ्यांना विचारायचे.

*

हिंगणघाटचे एक किराणा दुकानदार होते. दुकानात गिऱ्हाइकाशी गोड आणि घरात पाऊल ठेवलं की आग. नवरा-बायको दोघंही बेजार. डॉक्टरांनी त्यांना गृहपाठ दिला. रोज बायकोला एक तरी चांगली गोष्ट सांगायची, बस्स.

आठवड्यानं बायकोच त्यांना ओढत घेऊन आली. चेहरा पांढराफटक.

"डॉक्टरसाहेब, यायले काय झालं ते खरं खरं सांगा. काल म्हने भाजी चांगली झाली! लगन झाल्यापासून असं बोल्ले नाई. मी रातभर जागी. माह्यापासून काई बिमारी तर लपवून नाई राह्यले?"

शेठजी कोपऱ्यात बसून म्हणाले, "मी म्हनलंच होतं, हे औषध एकदम सुरू नोका करू."

*

मग आली कमल. आष्टीकडच्या एका गावची सून, मॅट्रिक झालेली. नवरा भिलाईला कारखान्यात आणि घरात शब्द सासऱ्यांचा. तिची गावच्या बालवाडीवर बाई म्हणून निवड झाली. सासरे म्हणाले, "आपल्या घरची सून पगाराले जाईन?" विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून कमलचा आवाज गेला! घसा तपासून झाला, काही नाही. पण तोंडातून कुजबुजीपलीकडे काही निघेना. तालुक्याच्या बालवाड्या बघणाऱ्या बाईंनी तिची जागा दिवाळीपर्यंत राखून ठेवली होती.

तिला एसटीनं घेऊन यायचे ते सासरेच. बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि त्यांचं सुकलेलं तोंड पाहून वाईटही वाटायचं.

मला म्हणाले, "बाई, गिरडच्या दर्ग्याले जाऊन आलो, इथंबी आलो. कोनाच्याबी हातानं होवो, पन पोरीचा आवाज येऊ द्या."

*

बंगलोरला डॉक्टर एक नवी पद्धत शिकले होते. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्या माणसापुढे आपण दबतो तो त्यात बसलाय असं समजायचं आणि मनातलं बोलून टाकायचं.

त्यांनी खुर्ची मांडली. "कमलताई, इथे तुमचे सासरे बसलेत असं समजा. आता सांगा त्यांना. हळू बोललात तरी चालेल."

कमलनं खुर्चीकडे पाहिलं. ताडकन उठली, पदर कपाळाखाली ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डॉक्टर वाट बघतायत. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

शेवटी मी म्हटलं, "डॉक्टर, सासरे बसलेत ना. मग ती कशी बसेल? आणि बोलेल कशी?"

"बरं, ते बाहेर गेले असं समजा."

कमल लगेच बसली, पदर सावरला. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मग आता ही बोलणार कुणाशी?"

*

पुढच्या खेपेला सासऱ्यांनीच बातमी आणली. "गोठ्यात म्हशीसंग बोलते ते! चांगली खणखणीत. मी गेलो का बंद."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे आवाज आहे!" ती सोंग करत नाही, मनावर दडपण आलं की असं होतं, हे त्यांनी म्हाताऱ्यांना नीट समजावलं. सासऱ्यांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"बरं मंग. पुढच्या टायमाले म्हशीले घेऊन येऊ का?"

गंमत करत नव्हते. खरंच आणली असती.

*

दिवाळी तोंडावर आली तेव्हा डॉक्टरांनी सासऱ्यांनाच आत बोलावलं. पण सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. घरात निरोप कुणामार्फत तरी जातो. मग तीच रीत धरायची ठरली. सासरे खिडकीशी, कमल पदर ओढून दाराशी आणि मधे स्टुलावर डॉक्टर. ती कुजबुजणार, डॉक्टर मोठ्यानं सांगणार. मी तिच्या शेजारी उभी.

सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विचारा तिले. बालवाडीचं काय मनात हाये?"

कमल कुजबुजली. मला स्पष्ट ऐकू आलं. "मी जाईन म्हना. घरचं सारं करून जाईन, पन जाईन."

डॉक्टरांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते ओठ घट्ट मिटून बसलेले. डॉक्टरांनी घसा खाकरला. "त्या म्हणतायत, मामाजींची हरकत नसेल तर... म्हणजे जमलंच तर... थोडे दिवस जाऊन बघावं का, असं त्यांना वाटतं."

"मी असं नाई म्हनलं!"

खोली दणाणली. बाहेरच्या बाकावरचे लोक दारात येऊन डोकावले.

"मी जाईन म्हनलं! जमलं तर नाई, थोडे दिवस नाई. जाईनच म्हनलं!"

कमलचा पदर अजून नाकापर्यंत होता. सासऱ्यांनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. सुनेकडे पाहिलं नाही. डॉक्टरांना म्हणाले,

"डॉक्टरसाहेब, सांगा तिले. आयकू आलं मले."