चुलीपुढची घोंगडी

मला सातवा लागला होता आणि त्याच महिन्यात शेजारच्या घरातली सून चुलीशी पेटून गेली. तीही पोटुशीच होती. खोचलेला पदर सुटला, चुलीच्या तोंडाशी लोंबला, आणि माणसं धावेपर्यंत सगळं आटोपलं. तिला नेताना मी दारात उभी होते. त्या दिवसापासून भाकरी थापायला बसले की हात परातीत असायचे आणि डोळे लुगड्यावर.

तुम्ही म्हणाल, एवढी भीती वाटते तर लांब बसायचं. बसून दाखवा की! सात महिन्यांचं पोट घेऊन लांब बसलं तर हात तव्याला पोचत नाही, जवळ सरकलं तर आधी पोटच पोचतं. पदर कितीही करकचून खोचा, चार भाकऱ्या झाल्या की सुटलाच. आणि घरात खाणारी तोंडं ढीगभर. चूल काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

म्हणून ठरवलं, पुढ्यात काहीतरी जाड बांधायचं. नवऱ्याला सांगितलं. तो भोळा सांब, कर्जतच्या बाजारातून गिरणीचं लाल कापड घेऊन आला. "मुंबईचं हाय, मऊ हाय बघ," म्हणाला. मऊ होतंच. मी त्याच्या कोपऱ्यावर निखारा ठेवला, तर मेलं भसकन पेटलं.

"अगं, नवंकोरं हाय ते!" नवरा ओरडला.

"माझ्या अंगावर पेटलं असतं म्हंजे जुनं झालं असतं काय?" मी म्हटलं.

मग गोणपाट पाहिलं. ते आतल्या आत धुमसत गेलं, आणि पोटाला असं टोचायचं की नको जीव व्हायचा. सासऱ्याच्या जुन्या धोतराला सुनेनं हात लावायची तर सोयच नव्हती. शेवटी माळ्यावरची झिजलेली घोंगडी काढली. तिच्यावर निखारा ठेवला तर केस जळल्यासारखा घाण वास आला, बोटाएवढा काळा डाग पडला आणि आग तिथंच मेली. माझा जीव भांड्यात पडला. लोकर चावू नये म्हणून आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, दोन नाड्या शिवल्या, पाठीमागं गाठ मारली. फाल्गुन संपत आलेला, घामाच्या धारा लागलेल्या, पण त्या सकाळी मी कितीतरी दिवसांनी निवांत भाकरी थापली.

ते सुख पहिली भाकरी फुगेपर्यंत टिकलं. सासूबाई आत आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांची नजर माझ्या पाठीवर गेली.

"गाठ मारलीस? पोटुशी बाई कमरेला गाठ मारती? कुणी शिकवलं तुला?" असं म्हणून त्यांनी नाडी अशी ओढली की मी मागं कलंडले.

"आत्याबाई, मी पेटून मेले तर चालंल तुमाला?"

"आन् अडून मेलीस तर?"

त्यांची एकुलती लेक याच घरात बाळंतपणात अडून गेली होती. मूल सुटावं म्हणून सुईणीनं घरातल्या सगळ्या गाठी सोडायला लावल्या होत्या, गाठोड्यांच्या, केसांच्या, गोठ्यातल्या दाव्यांच्यासुद्धा. लेक गेल्यावर तिला आंघोळ घालताना कमरेला एक दोरा सापडला. त्याची गाठ राहून गेली होती. आत्याबाईंच्या मनात तेव्हापासून ते पक्कं बसलं होतं. बाई वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण घाबरलेली तर मीही होते, आणि ज्याचं जळतं त्याला कळतं. त्यांनी घोंगडी कुठं लपवली देव जाणे. मी तोंड फुगवलं, त्यांनीही फुगवलं. एका घरात राहून आम्ही बोलेनाशा झालो.

मग एका सकाळी चुलीतलं लाकूड तडकलं. मी भाकरी उलटत होते. आधी मांडीला ऊब लागली, मग उजेड दिसला. पदर पेटला होता. मला ओरडताही येईना. आत्याबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप फेकलं आणि भरला हंडा माझ्यावर पालथा केला. चूल विझली, पीठ वाहून गेलं, निम्मं लुगडं गेलं. मांडी भाजली, पण पोटाला धग लागली नाही. आत्याबाई त्या चिखलात बसल्या आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घेऊ लागल्या. मला त्यांचा राग आला होता तो तसाच राहिला, आणि तरी मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी त्या घोंगडी घेऊन आल्या. नाड्या उसवून टाकलेल्या होत्या. घोंगडी माझ्या पोटावरून घेतली, दोन्ही टोकं पाठीमागं नेली आणि पाट ओढून माझ्यामागं बसल्या.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? भाकर थाप. गाठ नाय मारायची. टोकं मी धरते."

रोज धरली, दोन्ही वेळेला. हात भरून यायचे त्यांचे, पण तोंड थकायचं नाही. "हलू नकोस गं! बैल हाय का बाई?"

"बैल असते तर वेसण धरली असतीत."

"वेसण तुला पुरली असती व्हय!"

गाव हसलं. हसू दे मेलं. मला पाठीशी त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि डोळे लुगड्यावरून भाकरीवर यायचे.

कळा आल्या त्या चुलीपुढंच. मी तवा सोडून पोट धरलं आणि पाठीमागची ओढ एकदम सैल झाली. आत्याबाईंनी दोन्ही टोकं टाकून दिली होती. सुईण आली, मला आतल्या खोलीत घेतलं. आत्याबाई काही आत येईनात. "माझी सावली नको," म्हणाल्या, आणि दाराबाहेर बसून राहिल्या. दिवस कलला तरी मूल येईना. बाहेरून काहीच आवाज येत नव्हता, त्यानं मला जास्त भीती वाटली.

शेवटी मूल रडलं. मी डोळे मिटून पडले होते. दाराशी हालचाल झाली. मुलगा की मुलगी, ते त्यांनी विचारलंच नाही.

"पोरी, बोल गं," आवाज आला. "एकदा बोल."

अंगात त्राण नव्हतं. सुचलं ते म्हटलं, "आत्याबाई, तव्यावरची भाकर काढली का?"

आणि दाराबाहेर त्या बाईनं हंबरडा फोडला.