दुसरा हात उद्या

लातूरच्या निम्म्या क्लासच्या भिंतींवरची जिद्द अकरम पेंटरनं लिहिली होती. दोन-दोन फुटी अक्षरं, लाल रंग, काळी सावली. तो स्वतः दहावीच्या गणितात अकरा वेळा नापास झाला होता.

हे तो लपवत नसे. शिडीवर चढला की खाली जमलेल्या पोरांना सांगायचा, "भिंतीकडं बघा रे, माझ्याकडं बघू नका."

पहिल्यांदा नापास झाला तो त्र्याण्णवच्या मार्चात. ऑक्टोबरसाठी फॉर्म भरला आणि सप्टेंबर संपता संपता भूकंप झाला. परीक्षा राहिली. सतरा वर्षांचा अकरम किल्लारीकडं भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडांवर नंबर टाकायला गेला. पुढं नापास होण्याची सवयच लागली. "भूकंप एकदाच झाला," तो म्हणायचा, "बाकीच्या दहा वेळा मीच हललो."

पण दोन हजार दहाच्या जूनमध्ये त्याची पोरगी तूबा दहावीत गेली, आणि अकरमला घाम फुटला. मार्चात तिचा पेपर. त्याआधी एकच ऑक्टोबर शिल्लक. लेकीआधी पास व्हायचं, नाहीतर कायमचं सोडून द्यायचं, असं त्यानं ठरवलं.

अभ्यासाआधी मन तयार पाहिजे. मन कसं तयार करतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं घरातल्या भिंतीवर लिहिलं, 'आज नाही तर कधीच नाही.'

"झालं?" तूबानं विचारलं. "आता बसा अभ्यासाला."

"पहिला हात सुकू दे. दुसरा हात उद्या."

दुसऱ्या दिवशी दुसरा हात झाला. तिसऱ्या दिवशी 'कधीच'मधला 'च' बसका वाटला. ऑगस्ट उजाडेपर्यंत भिंतीवर नऊ वाक्यं झाली. गणिताचं पुस्तक रंगाच्या डब्याखाली होतं. डबा डुगडुगत होता म्हणून.

"अब्बा," तूबा म्हणाली, "भिंत पास होईल बघा यंदा."

तिनं डबा उचलला आणि जुनी प्रश्नपत्रिका त्याच्यापुढं ठेवली. तीन तासांनी उत्तरं तपासायला घेतली तर चारच सोडवलेली. 'उत्तर क्रमांक १' दुहेरी रेघांत, आतून भरलेलं. भूमितीचं वर्तुळ चेंडूसारखं गोल, एका बाजूला सावली दिलेलं.

तूबा बघतच राहिली. "दर वेळी असंच करता?"

"मग? बोर्डाचा पेपर म्हणजे काय साधं गिऱ्हाईक हाय?"

अकरा वेळा तो का नापास झाला ते तिला तिथंच कळलं. तिनं पट्टी काढून घेतली, पेन्सिली काढून घेतल्या. शाई गळणारा एक पेन हातात दिला. "रोज संध्याकाळी असरच्या नमाजानंतर एक तास. घाण अक्षर काढायचं. खाडाखोड करायची, पण सोडवायचं."

"माझ्यानं न्हाई होणार गं. मनच लागंना."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला किल्लारीचा अण्णाराव आठवला. शेड नंबर एकशे बारा. घर गेलं होतं, घरातली तीन माणसं गेली होती. तरी अण्णाराव रोज सकाळी शेडपुढची हातभर जागा झाडायचा, वर पाणी शिंपडायचा. अकरमनं ब्रश खाली ठेवून विचारलं होतं, "काका, कसं मन होतंय तुमचं?"

"मनाला कोण इचारायलंय?" अण्णाराव म्हणाला होता. "खराटा हाय, जागा हाय. झाडायलोय."

तेव्हा अकरमला हे फार मामुली वाटलं होतं. भिंतीवर लिहिण्याजोगंसुद्धा नव्हतं.

तो त्या दिवशी बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. अंगात काही संचारलं नाही. कंटाळा रोज वेळेवर येऊन शेजारी बसायचा. वही मात्र भरत गेली, आणि तिच्यातलं अक्षर बघून त्याला स्वतःची शरम वाटायची. धंद्यातल्या कुणाला दिसलं असतं तर लातुरात तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

ऑक्टोबरच्या पेपरात तिसऱ्या प्रश्नाला वर्तुळ आलं. पेन आपोआप आडवा झाला. सावलीच्या पहिल्या दोन रेघा पडल्यासुद्धा. अकरमनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पुढचं गणित घेतलं. पर्यवेक्षक जवळ येऊन म्हणाले, "हात दुखतोय का?"

"न्हाई सर. आवरायलोय."

निकाल लागला. गणितात सदतीस. लेकीच्या पेपराच्या चार महिने आधी.

क्लासवाले गुरुबसप्पा सर पेढा खाता खाता म्हणाले, "अकरम, आता तुझंच एक वाक्य टाक आमच्या भिंतीवर."

"टाकतो की. 'घाण अक्षर काढा.' चालंल?"

सरांनी दुसरा पेढा घेतला आणि विषय बदलला.

घरी येऊन त्यानं चुना कालवला आणि नऊच्या नऊ वाक्यं पुसली. दुसरा हात त्याच दिवशी मारला. कोऱ्या भिंतीवर तूबानं आपलं वेळापत्रक चिकटवलं. वाकडं, ओळी खाली घसरलेल्या.

अकरम बराच वेळ त्याच्याकडं बघत उभा होता. दोन्ही हात त्यानं पाठीमागं धरले होते.