आत्यांनी दिलेले पाच तारे

गुरुवार, म्हणजे इकडच्या कंपन्यांच्या सुट्टीचा वार. सकाळचे साडेदहा. जागा: बी विंगखालचं पार्किंग. हजर: सोसायटीचे अध्यक्ष, ए विंगमधले गॅरेजवाले भाई, तळमजल्यावरच्या आत्या, स्वतःचं घडीचं स्टूल घेऊन, महापालिकेच्या सर्वेक्षणाचा माणूस, गळ्यात ओळखपत्र, आणि मी, सेक्रेटरी. गैरहजर: बाकीची सोसायटी. त्यातली बरीचशी वरच्या गॅलऱ्यांतून चहाचे कप धरून बघत होती, पण तिला हजर धरायची पद्धत नाही.

सर्वेक्षणाच्या माणसाने सांगितलं की शहरातल्या रहिवाशांचा सहभाग आणि पाठिंबा मोजायचा आहे. अध्यक्ष मूळचे लातूरचे, एका कंपनीत सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "अन् ते मोजतेत कशात? किलोत का लिटरात?"

"ताऱ्यांत, काका. मोबाईलवर फॉर्म आहे. बारा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच तारे."

"मग दिवसा कसं मोजायचं?" भाई म्हणाले.

माझं लक्ष विनोदाकडे नव्हतं. माझ्या वहीत त्या दिवसाचा एकच मुद्दा होता, बसथांबा. रस्ता रुंद करताना आमच्या फाटकासमोरचा थांबा उचलून पुलापलीकडे नेला होता. मला चालत तिथे पंधरा मिनिटं लागतात, आत्यांना चाळीस. त्यांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी पिंपरीला डायलिसिसला जावं लागतं. मुलगा-सून दोघंही महाळुंग्याला पहिल्या शिफ्टला. रिक्षावाले एवढ्या जवळचं भाडं म्हटलं की मान फिरवतात. म्हणून ते स्टूल. वाटेत पेट्रोल पंपापाशी आत्या ते उघडून बसतात, दम खातात आणि पुढे निघतात. जाताना एकदा, येताना दोनदा. पूर्वीचा थांबा ज्या जागी होता तिथे एके काळी त्यांच्याच शेताचा बांध होता, हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत. मला भाईंकडून कळलं.

मी थांब्याचं विचारलं. तो माणूस म्हणाला, "मॅडम, वेगळा अर्ज द्या. पण ज्या भागातून प्रतिसाद जास्त, तिथल्या मागण्या आधी बघतात. सगळ्यांनी फॉर्म भरला तर वजन पडतं."

एवढं मला पुरे होतं. चौऱ्याऐंशी फ्लॅट, चौऱ्याऐंशी फॉर्म. मी मजल्यानुसार यादी केली, "आपली बिल्डिंग पुढे आली पाहिजे" असं लिहून ग्रुपवर टाकली, चार दिवसांची मुदत दिली. ज्याचा फॉर्म भरून होईल त्याच्यापुढे बरोबरची खूण. दुसऱ्या दिवशी सी विंगमधल्या एकाने स्वतःचा भरलेला फॉर्म नमुना म्हणून ग्रुपवर टाकला. बाराही प्रश्नांना पाच तारे, खाली सूचनांच्या जागी "सर्व ठीक".

इथे आमच्या इमारतीविषयी थोडं सांगायला हवं. निम्म्याहून जास्त घरांतलं कोणी ना कोणी चाकणच्या पट्ट्यात कामाला आहे. ऑडिट आलं की काय करायचं हे आम्हाला झोपेतही ठाऊक असतं. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवायचे, तेल गळणाऱ्या मशीनवर "देखभाल सुरू" अशी पाटी लावायची आणि कागदावर एकही मुद्दा उघडा ठेवायचा नाही. बाहेरचा माणूस फॉर्म घेऊन आला की आपलं सगळं उत्तम असतं. नमुना आला तसा सगळ्यांनी उतरवला.

आणि मी तो नमुना पाहून ग्रुपवर पसंतीचा अंगठा टाकला होता. मी कंपनीत कागदपत्रं तपासते. रकाना रिकामा राहिला नाही ना, एवढं बघणं हे माझं काम. रकान्यात काय लिहिलंय ते बघणारा माणूस वेगळा असतो. नमुन्यात एकही रकाना रिकामा नव्हता.

तिसऱ्या दिवशीच यादी पूर्ण झाली. थांब्याचा अर्ज मी स्वतः कार्यालयात नेऊन दिला, पोच घेतली, फाईलला लावली.

दोन महिन्यांनी दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. पहिली, सर्वाधिक सहभागाबद्दल प्रशस्तिपत्र, काचेच्या फ्रेमसकट. दुसरी, अर्जाचं उत्तर: आपल्या परिसरातील रहिवासी सार्वजनिक वाहतुकीबाबत पूर्णतः समाधानी असल्याचे सर्वेक्षणातून दिसून आल्याने मागणीचा विचार करता येत नाही.

मी पत्र पार्किंगमध्ये अध्यक्षांना आणि भाईंना वाचून दाखवलं. अध्यक्ष लिफ्टशेजारी फ्रेमसाठी खिळा ठोकत होते. हातोडी थांबली.

"म्हणजे आपणच म्हणालो का, थांबा नको?"

"आपणच. चौऱ्याऐंशी वेळा."

"भाई, तुम्ही तरी एखादा तारा कमी द्यायचा होता. तुमचं काय जात होतं?"

"मी गॅरेजमध्ये ग्रीसच्या हाताने भरला, राव. पाच दाबायला सोपे पडतात, शेवटी असतात. आणि तुम्ही बसने कधी गेला होता शेवटचे?"

अध्यक्षांनी पुन्हा हातोडी उचलली.

निदान एक फॉर्म वेगळा असणार याची मला खात्री होती. मी आत्यांच्या दारात गेले. त्या मेथी निवडत होत्या. फॉर्म सुनेने भरला, पण विचारून विचारून, असं त्यांनी सांगितलं.

"मग बसच्या प्रश्नाला किती दिले?"

"पाच."

"आत्या, थांब्याला पाच?"

"व्हय. समद्यास्नी पाच दिलं. तूच म्हनली न्हाईस का, आपली बिल्डिंग पुढं आली पाह्यजे? माझ्या एकटीपायी कमी पडली असती तर?" मेथीची जुडी बाजूला ठेवून त्यांनी वर पाहिलं. "आली का पुढं?"

"आली."

"मग झालं की."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात चौकशी केली. भरलेला फॉर्म बदलता येत नाही. समाधान मागे घ्यायचा वेगळा फॉर्म नाही. पण टेबलामागच्या बाईंनी कीव येऊन सुचवलं की ज्यांना त्रास आहे त्यांनी सह्यांनिशी लेखी दिलं तर फेरविचाराला पाठवता येईल, आणि ज्याचा त्रास सर्वांत मोठा त्याची सही सर्वांत वर हवी. मी नवा कागद आखला. आजपर्यंत एकवीस सह्या झाल्या आहेत. बाकीचे लिफ्टपाशी फ्रेमकडे बोट दाखवतात. अध्यक्षांनी सही केली, पण आधी विचारून घेतलं, "फ्रेम परत मागतेत का?"

पहिली ओळ मी आत्यांसाठी मोकळी ठेवली आहे. तीनदा कागद घेऊन गेले. तिन्ही वेळा चहा मिळाला.

"आधी चांगलं म्हनायचं, मंग वंगाळ म्हनायचं," त्या म्हणाल्या. "लोक हसत्याल, बाई. आन तुझं नाव जाईल. फारम तू भरून घेतलंस."

उद्या शुक्रवार. मी पहिल्या दोन तासांची रजा टाकली आहे. आत्यांबरोबर पुलापलीकडे चालत जाणार आहे, कागद आणि पेन पिशवीत घेऊन. पेट्रोल पंपापाशी त्या स्टूल उघडून बसल्या की पुन्हा विचारीन. पहिली ओळ अजून रिकामी आहे.