चमच्यांचा ड्रॉवर आणि गिटारची कंबर

गल्लीतल्या सुताराला सगळे 'मिलीमीटर' म्हणायचे, आणि उगीच नाही बरं का. दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरचे फोटो सरळ केल्याशिवाय बूड टेकवायचा नाही. आणि नेमका अशाच माणसाचा उजवा हात थरथरायला लागला. त्याने कुणाला सांगितलं? छे! बायकोलासुद्धा नाही.

बायकोने साठी जवळ आल्यावर गिटार शिकायचं खूळ घेतलं होतं. भाच्याकडून आणलेल्या जुन्या गिटारवर रोज सकाळी टुंगटुंग. "वाजवतेस कमी, खुंट्या पिळतेस जास्त," म्हणून हा चिडवायचा, आणि दुसरीकडे तिच्यासाठीच नवी गिटार करत होता. असा मेला लबाड!

गिटार जवळजवळ झाली होती. राहिली होती काठाची पट्टी. उशीच्या अभ्र्याला गोट लावतात ना, तशी गिटारच्या काठाला फिक्या लाकडाची बारीक पट्टी बसते. त्यासाठी आधी राउटरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या पात्याच्या मशीनने, काठाला सगळीकडून सारखी खाच पाडायची. त्याने एका तुकड्यावर हातानेच राउटर फिरवून पाहिला, तर काठ उंदराने कुरतडल्यासारखा! गिटारच्या पाठीचं लाकूड कुठूनकुठून शोधून आणलेलं. ते बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं.

मग त्याने ठरवलं, राउटर हातात धरायचाच नाही. गिटारची पाठ फुगीर, म्हणून राउटर उभ्या सरळ रेषेत वरखाली सरकायला हवा. त्याने लाकडाचा एक खांब केला, खांबाला ड्रॉवरची चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर आतबाहेर सरकतो ती लोखंडी पट्टी, उभी ठोकली आणि तिच्यावर राउटर बसवला. आता हाताने फिरवायची ती फक्त खालची गिटार. चॅनेल कुठून आणली? स्वयंपाकघरातून!

"अहो, चमचे काय मी डोक्यात खोचू?" बायको ओरडली.

"दोन दिवस दम धर गं."

एका टाकाऊ पाठीवर त्याने खाच पाडली. कमरेपर्यंत झकास. पुढे पाठ उतरायला लागली की खाच उथळ. पुन्हा केलं, पुन्हा तेच. स्क्रू आवळले, सैल केले, राउटरला चार शिव्या दिल्या. राउटर ढिम्म.

बायको चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहून बघू लागली. त्याने मशीन बंद केल्यावर म्हणाली, "ही माझ्याच ड्रॉवरची ना? मग ती रमतगमतच उतरणार. आवाज नको म्हणून हळू बंद होणारी तुम्हीच बसवली होतीत. सकाळी घाईत कितीही ढकला, महाराणी आपल्या चालीनेच येते. तुम्ही गिटार भराभरा फिरवता, ती खाली टेकायच्या आत पुढे पळता. एवढी कसली घाई?"

मिलीमीटर भुसा झटकत म्हणाला, "हात थरथरायला लागायच्या आत उरकायचं असतं."

"ते माहितेय मला."

"तुला? कधीपासून?"

"मग कप अर्धाच का भरते तुमचा? बशीत सांडू नये म्हणून."

"मला वाटलं, दूध वाचवतेस!"

"हो, महाल बांधायचाय ना मला!" म्हणत ती हसली, तसा तोही हसला. पण डोळे पुसायला त्याला भुशाचं निमित्त बरं सापडलं.

मग खरी गिटार टेबलावर आली. एका बाजूने त्याचे हात, दुसऱ्या बाजूने तिचे. बोटं मात्र दोघांचीही पात्यापासून लांब. राउटर सुरू झाला. ती गिटार इतकी घट्ट धरून सावकाश फिरवत होती की त्याचा हात थरथरला तरी गिटार डगमगत नव्हती. राउटर उतारावर आपल्या चालीने खाली आला, आणि गिटार त्याच्यासाठी थांबली.

मशीन बंद करून त्याने पट्टी खाचेत दाबून पाहिली. बायकोने नख फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "इथे फट आहे हो."

"कुठे?" तो घाईघाईने चष्मा शोधायला लागला.

"कुठेच नाही. तोंड बघायचं होतं तुमचं."

"थांब तू!" तो म्हणाला, पण गिटार उलटी करता करता. आजवर त्याने कामात कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आता खाच पाडायची राहिलेली पुढची बाजू वर आणून तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

"धर गं," तो म्हणाला.